भेदऱ्याचा लॉट

बजाजनगरात मी ज्या घरात पाच वर्षं भाड्यानं राहिले, त्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. एकीत मी राहायचे आणि दुसरीत मिरच्या.

ही थट्टा नाही. त्या भागात कारखान्यांत कामाला येणाऱ्या पोरांची इतकी गर्दी, की लोक जिन्याखालची जागासुद्धा पत्रा ठोकून भाड्यानं देत. पाठीवर बॅग घेतलेला कुणी ना कुणी आठवड्यातून एकदा तरी दारात यायचा.

"काका, रूम हाय का?"

"हाय, पण भरलीय."

"कोण राहतंय?"

"मिरच्या. अन् टमाटे. फ्यामिलीवाले हायत, शेअरिंग जमायचं नाय."

विचारणारा हसायचा. मग काकांच्या तोंडाकडं बघून गप्प व्हायचा, कारण काका हसलेले नसत.

काका म्हणजे आमचे घरमालक. वाळूजच्या एका कारखान्यात छत्तीस वर्षं इन्स्पेक्शनला होते. मशीनवरून उतरलेला सुटा भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि 'ओके' किंवा 'रिजेक्ट' म्हणायचं, हे त्यांचं काम. त्यांच्याकडं तिसराही एक शब्द होता, 'होल्ड'. लॉटची, म्हणजे एका खेपेच्या मालाची, खात्री नसेल तर तो पुढं पाठवायचा नाही आणि भंगारातही टाकायचा नाही. लाल कार्ड बांधून बाजूला ठेवायचा आणि खात्री होईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. निवृत्तीच्या वेळी कारखान्यानं दिलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी खोक्यातून बाहेरसुद्धा काढलं नाही. त्यांनी स्वतः मागून घेतल्या त्या दोनच वस्तू : मापं घ्यायचा एक झिजलेला पितळी गेज आणि लाल कार्डांचा उरलेला गठ्ठा. रीतसर विचारून आणल्यात, असं ते न विचारता सांगत.

त्या गेजनं ते बी पेरायचे. चहाच्या टपरीवरून गोळा केलेले कागदी कप, बुडाला भोक, आत चाळलेली माती आणि शेणखत. गेजचं बारीक टोक मातीत खाचेपर्यंत खुपसायचं, त्या भोकात एक बी. खाचेच्या वर नाही, खाली नाही. एकदा मी मदत म्हणून बोटानं भोक पाडलं, तर त्यांनी तो कप उचलून ओतून दिला आणि पुन्हा भरला. मला ते रागावले असते तर बरं वाटलं असतं.

हे सगळं डिसेंबर सरता सरता सुरू व्हायचं. आमच्याकडं तेव्हा थंडी चांगली असते, बाहेर वाफ्यात टाकलेलं बी उगवत नाही, कुजतं. म्हणून उन्हाळ्यात लावायची रोपं काका घरातच उगवून घेत. बी आधी ओल्या फडक्यात, फडकं स्टीलच्या डब्यात, डबा इन्व्हर्टरवर, कारण तिथं ऊब. थंडी फारच वाढली तर डबा काकांच्या पांघरुणात.

"आमच्या दोघांच्या मधी मिरची झोपती," काकू मला जिन्यात थांबवून सांगायच्या. "पोरं लहान व्हती तवा ह्या माणसानं कधी पांघरूण नाय घातलं. आता मिरचीला ताप आला का बगायला पहाटं उठतंय."

"टमाटं म्हंजी फर्स्ट शिफ्टचा कामगार," काका आतून म्हणायचे. "गेट उघडायच्या आत हजर. पाचव्या दिवशी डोकं वर. अन् ढोबळी मिरची म्हंजी युनियनचा पुढारी. पंधरा दिवस बैठकाच. पन एकदा आली का मंग हटत नाय. सबूर लागती."

माझी आणि त्यांची ओळख एका परीक्षेनं झाली. मी बी.एस्सी. आहे, वनस्पतिशास्त्र, प्रथम श्रेणी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. हे मी लोकांना सांगते, कारण ते मी कष्टानं मिळवलंय आणि लपवण्यासारखं त्यात काही नाही. खोली बघायला गेले तेव्हा काकांनाही सांगितलं. औषधांच्या कंपनीत, लॅबमध्ये नोकरी लागली होती तेही सांगितलं. काकांनी नोकरीचं काही विचारलं नाही. ते आत गेले आणि दोन कप घेऊन आले. दोन्हीत एकेक रोप, दोन-दोन पानं.

"बॉटनी केलीय व्हय? मंग सांग. टमाटं कोन्तं, मिरची कोन्ती?"

मी नीट बघितलं. पानाचा आकार, टोक, देठ. सगळं आठवून डावीकडचं टोमॅटो म्हणून सांगितलं. ती मिरची होती.

"तू पुस्तकातलं सांगितलं," काका म्हणाले. त्यांनी डोळे मिटले, उजवीकडच्या रोपाच्या कोवळ्या देठावरून बोट फिरवलं आणि ते बोट माझ्या नाकापाशी आणलं. "टमाट्याचा वास बोटाला लागतो. मिरचीचा लागत नाय. डोळे कशाला पायजेत?"

खोली मला मिळाली. त्या दिवसापासून माझं नाव मात्र गेलं. पाच वर्षं मी 'बॉटनी' होते.

तयार झालेली रोपं ते विकत नसत, वाटत. पण असंच कुणालाही नाही. मागायला आलेल्या माणसाला आधी ओट्यावर बसवून विचारपूस. घराला ऊन कोणत्या बाजूनं? पाणी कोण घालणार? सकाळी का संध्याकाळी? घरात फोनवर बोलत बोलत पाणी घालणारं कुणी आहे का? रोप दिल्यावर पंधरा दिवसांनी काका त्या घरी जायचे, न कळवता. त्याला ते ऑडिट म्हणत. मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी ढोबळीचं रोप वॉशिंग मशीनच्या मागं ठेवलेलं सापडलं. काकांनी त्यांचा चहा पूर्ण प्यायला, कप धुऊन ठेवला आणि रोप उचलून घरी आणलं.

रोपांच्या खोलीत रोज अर्धा तास टेबलफॅन लागायचा. वारा लागल्याशिवाय देठ जाड होत नाही म्हणून. मी एकदा वीजबिलाचं बोलले.

"वारा नाय लागला तर ऑफिसात बसल्यावानी वाढतंय," ते म्हणाले. "लांब, गोरं, अन् बाहेर नेलं का मान टाकतंय."

मी तेव्हा ऑफिसातूनच आले होते.

आता त्या शब्दाचं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच फिरलं.

माझं गाव बीड जिल्ह्यात. आमच्याकडं टोमॅटोला भेदरं म्हणतात. मी कॉलेजला आले, पहिल्याच आठवड्यात हॉस्टेलच्या मेसमध्ये म्हणाले, "भेदऱ्याची चटणी हाय का?" आणि अख्खं टेबल हसलं. पुढं वर्षभर दोघी-तिघी मला भेदरी म्हणायच्या. मी तो शब्द टाकला. त्याच्याबरोबर आणखी बरेच टाकले. आईशी फोनवर बोलतानासुद्धा टोमॅटो म्हणायला लागले. आई म्हणाली, "बरं बाई, टोमॅटो."

आणि इथं काका गावच्या गोष्टी सांगताना दहादा भेदरं म्हणत. तेही मूळचे बीडकडचेच, गेवराईच्या पलीकडं त्यांचं गाव. पण काका दोन्ही शब्द वापरायचे, टमाटं आणि भेदरं. मी समजत होते, तोंडाला येईल ते म्हणतात. जो माणूस 'होल्ड' आणि 'रिजेक्ट' यांत गल्लत होऊ देत नाही, तो दोन शब्द एकाच वस्तूला कसे वापरेल, हे माझ्या लक्षात यायला पाहिजे होतं. आलं नाही.

चौथ्या हिवाळ्यात एक निरोप आला. काकांना थोरली बहीण, आक्का. गावात राहायच्या. काका आणि त्या अकरा वर्षं बोलत नव्हते. वडिलांच्या जमिनीची वाटणी झाली तेव्हा, सगळीकडं करतात तसं, बहिणीकडून हक्कसोडीवर सही घ्यायची होती. त्या आठवड्यात काकांची सेकंड शिफ्ट होती. त्यांनी कागद एका ओळखीच्या माणसाच्या हाती पाठवून दिला. आक्कांनी सही केली आणि त्या माणसाजवळच सांगितलं, "सही घेऊन जा. त्याला म्हणावं, आता वाट बगू नको." काकूंनी हे मला सांगितलं तेव्हा त्या लसूण सोलत होत्या.

"जमिनीचं कायबी नव्हतं तिचं," काकू म्हणाल्या. "सवता गेला असता तर हसत केली असती सही. ऊन ऊन भाकर घातली असती वरून. पन ह्यांची शिफ्ट."

"मग नंतर का नाही गेले?"

"गेल्यावर म्हनायचं काय, ते सापडलं नाय. अकरा वर्सं तेच चाललंय."

आणि आता आक्कांनी गावातल्या कुणाच्या तरी फोनवरून एवढंच विचारलं होतं : भेदऱ्याचं बी अजून आहे का त्याच्याकडं? इकडं सगळ्यांनी पाकिटातलं लावलं, मूळ बी बुडालं. असेल तर चार रोपं पाठव म्हणावं.

बी होतं. इंजेक्शनच्या छोट्या काचेच्या बाटलीत, कापसाचा बोळा लावून. कधी काळी आक्कांनीच दिलेल्या बियापासून धरलेलं. पण काकांनी चार वर्षांत ते लावलेलं नव्हतं आणि बाटलीत चिमूटभरच उरलं होतं. काकांनी ते सगळं पेरलं. मागं एकही ठेवलं नाही. बावीस कप उगवले. शेजारच्या ट्रेमध्ये पाकिटातल्या टमाट्याचे अठरा कप, गल्लीत वाटायला. पलीकडं मिरच्या.

रोपांना चौथं पान फुटलं आणि काकांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी सांगितलं, माती, धूळ अजिबात नको. घरी राहिले तर हा माणूस ऐकायचा नाही म्हणून काकूंनी त्यांना दहा दिवस गारखेड्यात मुलाकडं नेलं. जाताना काकांनी मला शिफ्टचा चार्ज दिला, म्हणजे ते तसंच म्हणाले. पाणी फवाऱ्यानं, सकाळी. फॅन अर्धा तास. ऊन आल्यावर खिडकीत.

"अन् बाकी कायबी करू नको, बॉटनी. फक्त बगायचं."

मी सगळं केलं आणि त्यावर थोडं जास्त केलं. कपांवरच्या चिठ्ठ्या बॉलपेनानं लिहिलेल्या होत्या, फवाऱ्यानं शाई पसरत चालली होती. काकांचं अक्षरही तसलंच. मी लॅबमधून पक्का मार्कर आणला, पांढऱ्या पट्ट्या कापल्या आणि रविवारी बसून सगळ्या कपांना नवीन नावं लावली. जिथं 'ट' होतं तिथं 'टोमॅटो' लिहिलं. जिथं 'भे' होतं तिथंही 'टोमॅटो' लिहिलं. हात जरासुद्धा अडखळला नाही. हॉस्टेलमध्ये तीन वर्षं मी हेच करत आले होते. मग एकाच वाणाचे कप दोन ट्रेमध्ये कशाला, म्हणून एकत्र केले आणि उंचीप्रमाणे रांगा लावल्या, म्हणजे बुटक्यांना ऊन मिळावं. जुन्या चिठ्ठ्या कचऱ्यात. काम इतकं सुबक दिसत होतं की मी फोटो काढला.

काका काळा गॉगल लावून परत आले. बुटांसकट थेट वरच्या खोलीत. मी मागं उभी. शाबासकीच मिळणार असं मला वाटत होतं.

त्यांनी रांगेनं पट्ट्या वाचल्या. मग म्हणाले, "भेदरं कुटं हाय?"

"हे काय," मी म्हणाले. "टोमॅटो. चाळीस."

"टमाटे अठरा. भेदरं बावीस."

"एकच की काका. भेदरं म्हणजे टोमॅटोच."

"कुनी सांगितलं?"

काका टेबलाच्या काठाला धरून खाली बसले. टमाटं हे बाजारातलं, जाड सालीचं, गोल. भेदरं हे चपटं, चुण्याचुण्यांचं, पातळ सालीचं, इतकं आंबट की भाजीत चिंच लागत नाही. ते माझ्या आईच्या परसात होतं. मी ते खाऊनच वाढले होते. मला ते माहीत होतं आणि मी ते दुसऱ्या नावाखाली पुरून टाकलं होतं.

काकू दारातून म्हणाल्या, "आता गं? आक्काला काय पाठवायचं?"

काका उठले. गॉगल कपाळावर सरकवून ट्रेवर वाकले. एकेका रोपापाशी थांबले, दोन-चार देठांवरून बोट फिरवलं. मग त्यांनी गॉगल परत खाली घेतला, कपाटातून लाल कार्ड काढलं आणि सुतळीनं ट्रेला बांधलं.

"लॉट होल्ड."

मला वाटलं, डोळा अजून नीट नाही, म्हणून ओळखता आलं नसेल. मी माफी मागितली. ते म्हणाले, माफीचा कॉलम कार्डात नाही.

पुढचे पंधरा दिवस ते माझ्याशी रोजच्यासारखंच बोलले आणि ते मला शिव्यांपेक्षा जड गेलं. बावीस रोपं होती, पण कुठली ते कुणाला सांगता येत नव्हतं. बाटली रिकामी होती. आणि अकरा वर्षांत बहिणीनं मागितलेली ती एकच वस्तू होती. फेब्रुवारीत थंडी ओसरली, रोपं वीतभर झाली. एका सकाळी काका म्हणाले, "उद्या सुट्टी टाक. गावाला जायचंय."

"कुठली रोपं न्यायची?"

"सगळी. चाळीसच्या चाळीस. अन् तू चल. चूक कुनाची हाय ते सांगायला मानूस लागंल."

आम्ही मध्यवर्ती स्टँडवरून बीडची एसटी धरली. दोन मिठाईच्या खोक्यांत वीस-वीस कप. एक खोकं माझ्या मांडीवर, एक त्यांच्या. लाल कार्ड त्यांच्या खोक्यावर लटकत होतं. कंडक्टरनं विचारलं, "बाबा, काय हाय यात?" काका म्हणाले, "होल्ड माल." कंडक्टरनं पुढं विचारलं नाही.

आक्का अंगणात तुरी पाखडत होत्या. काळ्या, उंच, काकांसारख्याच न हसणाऱ्या. त्यांनी भावाकडं बघितलं, मग सूप खाली ठेवून माझ्याकडं बघितलं.

"त्याला म्हनावं, बस."

काका बसले.

"त्याला विचार, च्या घेतो का पानी."

"पानी चालंल," काका सुपाकडं बघत म्हणाले.

मी मधे उभी. मी खोकी उघडली आणि सगळं सांगितलं : शाई, मार्कर, पट्ट्या, आणि मी भेदरं खोडून टोमॅटो का लिहिलं तेही. हॉस्टेलचं टेबलही सांगितलं, ते कुणी विचारलं नव्हतं तरी. आक्कांनी सगळं ऐकून घेतलं. मग खोक्यावर वाकल्या, एक कप उचलला, देठ वळवून बघितला, पान चुरगळून हुंगलं. दुसरा कप. तिसरा. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आता ओळखलं तर त्याच ओळखणार होत्या.

"मला बी नाय कळत," त्या म्हणाल्या. "डोळं गेलं आता."

मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्या थेट भावाशी बोलल्या.

"लावू सगळी. फळ आलं का कळंल. तवा यावं लागंल तुला. उगं मला काय करायचं ते टमाटं, तुजं तू घेऊन जा."

"येतो," काका म्हणाले.

"कागद नको धाडू."

"नाय."

लावणी त्यांनी त्याच दिवशी केली. काका खड्डे करत होते, खोली मापायला गेज बरोबर आणला होताच. आक्का एकेक कप उचलायच्या, क्षणभर बघायच्या, आणि कधी विहिरीकडच्या सरीत लावायच्या, कधी बांधाकडच्या. मला वाटलं, जागा मिळेल तसं लावताहेत. मग ऊन ऊन भाकरी झाल्या.

एप्रिलमध्ये आम्ही परत गेलो. तोवर काका मधे दोनदा एकटेच जाऊन आले होते, पाण्याचं ऑडिट म्हणून. विहिरीकडच्या सरीत चपटी, चुण्यांची, लालभडक भेदरं लटकली होती. मी मोजली : बावीस झाडं. बांधाकडच्या सरीत गोल, गुळगुळीत टमाटे, अठरा झाडं. एकही इकडचं तिकडं नाही.

मी आक्कांकडं बघितलं. त्या पदरात भेदरं तोडत होत्या.

"कसं काय गं हे," त्या म्हणाल्या. "नशीबच म्हनायचं."

एक त्यांनी माझ्या हातावर ठेवलं. मी तिथंच खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, ते आंबटपणानंही येतं.

काका दोन्ही सऱ्यांच्या मधून एकदा चालत गेले, एकदा परत आले. मग फळं न्यायला परत आणलेल्या, बांधावर ठेवलेल्या खोक्यावरचं लाल कार्ड सोडलं, घडी घालून खिशात टाकलं. "ओके," एवढंच म्हणाले.

परतीच्या एसटीत मांडीवर एका खोक्यात टमाटे आणि दुसऱ्यात भेदरं. काकांनी खिडकी लावून घेतली होती. गेवराई मागं पडल्यावर मला राहवलं नाही.

"काका, आक्कांना पहिल्याच दिवशी ओळखू आलं होतं."

"मालूम हाय."

"तुम्हाला कसं मालूम?"

त्यांनी एक भेदरं उचललं, अंगठ्यानं पुसलं, देठाचा वास घेतला आणि परत खोक्यात ठेवलं.

"बॉटनी," ते म्हणाले, "ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालतं."